चंपतभाऊंचा पाऊण तास

"इथून पाऊण तास," असं म्हणत चंपत गजभियेनं हातातला टिनाचा बोर्ड लायनीतल्या एका जाड्या माणसाच्या पोटाला टेकवला. "पाणी पिऊन या, मोबाइल चार्ज करून या, एखाद्याचं लग्न जुळवून या. नावेचा पाळणा काई पळून नाई जात."

जाडा हसला. त्याच्या मागच्या कॉलेजच्या पोरी हसल्या. भिलाईत आता सगळ्यांना ठाऊक होतं, चंपतभाऊंचा पाऊण तास म्हणजे पंधरा मिनिटं.

ही त्याची कला होती, आणि ती त्यानं मार खाऊन कमावली होती. आधी कित्येक वर्षं तो पावर हाउस चौकातल्या गाड्यांच्या स्टँडवर सवाऱ्या बोलवायचा. "दुर्ग, दुर्ग, निघाली, निघालीच!" निघालीच म्हणजे अजून चार सवाऱ्या पाहिजेत. वेळ कमी सांगायचा आणि शिव्या झेलायचा. मग कुरुदच्या बाजूला हे पार्क उघडलं, नावेच्या पाळण्याच्या लायनीवर त्याला ठेवलं, आणि पहिल्याच आठवड्यात त्याच्या डोक्यात उजेड पडला. वेळ जास्त सांगायचा. माणूस तोंड वाकडं करून उभा राहतो, अन् अर्ध्याच्या आत नंबर लागला की लॉटरी फुटल्यासारखा उड्या मारत नावेत चढतो. वर चंपतच्या हातात चहाचे पैसे ठेवतो. खोटं तेच, नुसतं उलटं करून घातलं.

दुसरी कला बोल्टची. दोन उंच लोखंडी हातांवर लटकलेली ती नाव, पन्नासेक माणसं बसलेली, सगळ्यांच्या मांड्यांवर दांडे पडलेले, आता सुटणार, अशा वेळी चंपत नावेखाली वाकायचा, खिशातला गंजून लाल झालेला बोल्ट हळूच काढून वर धरायचा आणि लिव्हरवरच्या गुड्डूला विचारायचा, "गुड्डू, हा इथं कसा पडून हाय बे?"

गुड्डू खांदे उडवायचा. "कल भी एक गिरा था." आणि लिव्हर ओढायचा.

मग जो आरडाओरडा व्हायचा! त्याचा व्हिडिओ कोणीतरी टाकला आणि रायपूरहून लोक खास तो बोल्ट पाहायला येऊ लागले. पार्कचा मॅनेजर पीयूष खूश. चंपतची चालच बदलली.

त्या रविवारी दुपार कलल्यावर नाव भर झोकात होती. लायनीवरच्या पत्र्याच्या शेडवर टण् असं वाजलं. काहीतरी गडगडत आलं आणि चंपतच्या चपलेजवळ पडलं.

नट होता. बेसनाच्या लाडवाएवढा. बाहेरून ग्रीसनं काळा, आतले आटे चकचकीत.

चंपतनं वर पाहिलं. पाइप, बल्बच्या माळा, निळा रंग. खालून सगळं रोजच्यासारखंच दिसत होतं. नट कुठला, हे त्याला कळेना. तो काही मेकॅनिक नव्हता. पण जी वस्तू वर असते ती वर लागते म्हणूनच असते, एवढं कळायला मेकॅनिक व्हावं लागत नाही. नाव थांबत आली तेव्हा त्याला आणखी एक गोष्ट ऐकू आली. डावीकडे जाताना ती कण्हत होती. कूंऽ. झोपेतल्या कुत्र्यासारखी.

तो गुड्डूकडे गेला. गुड्डूनं नट हातात घेऊन तोलला आणि खुशीत मान हलवली. "वा चंपतभाऊ! नवा माल?"

"गुड्डू, हा खरा हाय. वरून पडला."

"हाँ, और कल भी एक गिरा था," गुड्डू म्हणाला आणि डोळा मारून पुढची लाइन आत घेऊ लागला.

मॅनेजर पीयूष फोनवर होता. त्यानं आधी नटाकडे, मग चंपतकडे पाहिलं आणि हसू दाबलं. मॅनेजरलाच फसवायला निघालात का, म्हणाला, निदान रविवारी तरी आम्हाला बख्शा. सात वाजता फिटर येतोय दुसऱ्या पाळण्यासाठी, त्याला दाखवा, तोही हसेल. आणि जाता जाता ग्रीस छान लावलंय अशी दादही दिली.

चंपत नावेखाली परत आला. सात वाजायला अजून अख्खी संध्याकाळ पडली होती. पाळणा बंद करणं त्याच्या हातात नव्हतं. त्याच्या हातात बोर्ड होता.

त्यानं खडूनं बोर्डावर 'दोन तास' लिहिलं आणि लायनीच्या तोंडाशीच उभा केला.

लाइन वाढली. चंपतभाऊंचे दोन तास म्हणजे अर्धा तास, हा हिशेब शेंबड्या पोराला येत होता. वर, एवढी मोठी लाइन म्हणजे आज नाव जोरात चालली असणार, म्हणून कॅम्प-1 वस्तीतली एक अख्खी वरात दुसऱ्या पाळण्याची लाइन सोडून इकडे येऊन उभी राहिली. चंपतनं परत लायनीत लागलेल्या त्या जाड्या माणसाच्या कानाशी जाऊन सांगितलं, भाऊ, नका बसू आज, खरंच नका बसू. त्यानं फोन बाहेर काढला आणि म्हणाला, "एक बार और बोलो चंपतभाऊ, वीडियो बना रहा हूँ."

नाव आणखी एकदा भरली, झुलली, उतरली. कूंऽ. आणखी एकदा. लोक हसत उतरत होते आणि चंपतच्या बगला ओल्या होत होत्या.

तेवढ्यात त्याला लायनीत कांता दिसली. त्याची बायको. तिच्यापुढे मुलगी आम्रपाली आणि जावई आनंद.

आम्रपाली रायपूरला राहायची आणि बापाशी कामापुरतंच बोलायची. त्याला कारण होतं. तिच्या लग्नात, तिकडे बुद्धवंदनेची तयारी चालली असताना, चंपतनं माइक हातात घेऊन पडलेल्या चेहऱ्यानं जाहीर केलं होतं की नवरदेवाची गाडी वाटेतल्या कुम्हारीवरूनच परत गेली. हॉल क्षणभर गार पडला आणि मग हसून हसून लोळला. पोरगी हसली नव्हती. नुसती बघत राहिली होती. आज ती तीन वर्षांनी आपण होऊन, बाबांचं पार्क पाहू म्हणून आली होती. बाबांच्या ओळखीनं घुसली नाही, सगळ्यांसारखी लायनीत उभी राहिली होती, आणि आता तिचा नंबर लागला होता.

चंपतनं तिचा दंड धरला. "आमू, या नावेत नोको बसू."

"कावून?"

"हे... हे पडलं. वरून." त्यानं तळहात उघडला.

तिनं नटाकडे धड पाहिलंही नाही. त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. लग्नातलीच नजर होती ती. "बाबा, प्लीज. आज नाई. मी याच्यासाठी आली का?"

"खरं सांगून राहिलो, पोरी."

"उस दिन भी यही बोले थे," ती म्हणाली, हात सोडवून घेतला आणि पायऱ्या चढून गेली. आनंद मागे वळून ओशाळं हसला आणि तिच्या मागे गेला. दोघं अगदी टोकाला जाऊन बसले, जिथं नाव सर्वांत उंच जाते.

कांता खालीच राहिली. तिला साध्या झोपाळ्यावरही घेरी यायची. ती नवऱ्याकडे बघत होती. हा माणूस खोटं बोलतो तेव्हा त्याची जीभ घसरगुंडीवरून यावी तशी येते, कुठं अडत नाही, हे तिला संसारात पुरतं कळलं होतं. आज ती अडली होती.

"खरं हाय?" तिनं विचारलं.

चंपतनं मान डोलावली. 

वर दांडे खाली आले. खट्.

"मंग पडा," कांता म्हणाली.

"काय?"

"खाली पडा म्हणते ना. छातीले हात लावा."

कांता जन्मात खोटं बोललेली नव्हती. पाहुण्याला तोंडावर सांगायची की चहात साखर कमी आहे, कारण मागच्या वेळी तुम्हीच संपवून गेलात. तिच्या या खरेपणामुळे तीन घरांशी बोलणं बंद होतं. त्या बाईचं तोंड पाहून चंपत इतका गांगरला की खरोखरच पडला.

आणि कांतानं बोंब ठोकली. "आमू वं! बाबाले पाह्य वं, काई झालं तुह्या बाबाले!"

गुड्डूचा हात लिव्हरवर होता. वरून आम्रपाली किंचाळली, दांडा खोल, पहले खोल! बाबांचं ती एक अक्षर मानायची नाही, पण ही आई होती. गुड्डूनं घाबरून दांडे सोडले. ते सगळे एकदमच सुटायचे. आम्रपाली उड्या टाकत खाली आली, तिच्यामागे आनंद, आणि दोघांच्या मागे सगळी नाव. जीव जाताना पाहायला मिळत असेल तर झुलायला कोण बसतं?

चंपत डोळे मिटून फरशीवर पडला होता. आनंद अॅम्ब्युलन्सला फोन लावत होता, तर कांता म्हणाली, "थांबा जावाई. त्यायले असं होते. डॉक्टरनं सांगतलं हाय, हलवाचं नाई. घटकाभर निजू द्याचं." तेवढ्या वेळात तिनं डॉक्टरचं नावही सांगितलं, दवाखान्याचा जिनाही सांगितला. जीभ कुठं अडली नाही. मिटल्या डोळ्यांनी चंपतला वाटलं, अरे, ही विद्या घरातच होती आणि आपण जगभर आपलीच मिरवत फिरलो.

पीयूष धावत आला. त्यांना बाजूला सरकवा, लाइन चालू करा, असं काहीसं म्हणाला. लोकांनी त्याच्याकडे असं पाहिलं की पुढचं वाक्य त्यानं गिळलं. माणूस खाली मरून राहिला आणि आपण त्याच्या डोक्यावरून झुलायचं, हे जाड्यालाही पटलं नाही.

इथपर्यंत ठीक होतं. पण आम्रपाली रडत होती.

ते रडणं खरं होतं. कढत थेंब त्याच्या गळ्यावर पडत होते, कॉलरमध्ये उतरत होते. लग्नात ती रडली नव्हती, आत्ता सगळं एकदम बाहेर येत होतं. बाबा, मी बोलणार होते, मी आज बोलायलाच आले होते, असं ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. चंपतला वाटलं, उठावं, तिचं डोकं छातीशी धरावं. पण एक डोळा उघडला की टाळ्या पडणार, शिट्या वाजणार, आणि सगळे हसत हसत पायऱ्या चढणार. आजवर हजारो लोकांना वेळ सांगणाऱ्या त्या माणसाला पहिल्यांदा कळलं, वाट पाहणं म्हणजे काय असतं.

ती त्याचे तळहात चोळू लागली. उजवी मूठ घट्ट मिटलेली होती. तिनं एकेक बोट सरळ केलं.

नट.

तिच्या बोटांना ग्रीस लागलं, ओलं, काळं. बाबांचा तो बोल्ट तिनंही व्हिडिओत पाहिला होता. गंजका, लालबुंद. हा तो नव्हता. तिनं वर नावेकडे पाहिलं. मग आईकडे पाहिलं. कांता पदर नीट करत होती, नीट असलेलाच पदर पुन्हा नीट करत होती, आणि मान वर करत नव्हती.

रडणं थांबलं. हात सुटला. चंपतला नट पडला तेव्हा वाटली नव्हती एवढी भीती आता वाटली.

मग तिच्या केसांचा स्पर्श त्याच्या गालाला झाला. कानाशी अगदी हळू आवाज आला.

"बाबा. इथून किती वेळ?"

"सात वाजता फिटर," त्याचे ओठ जेमतेम हलले.

तिनं नट परत त्याच्या मुठीत ठेवला. बोटं एकेक करून मिटवली. आणि पांगत चाललेली गर्दी जागेवर थबकेल असा गळा काढला. "बाबाऽ, ओ बाबाऽ!" शंभर टक्के खोटा. चंपतनं तो ऐकला आणि ओळखला. आपलीच पोर.

वारा सुटला होता. वर रिकामी नाव, लिव्हरवर कोणी नाही, तरी थोडी थोडी हलत होती. तिची सावली चंपतच्या तोंडावर यायची आणि जायची. डावीकडे जाताना कूंऽ व्हायचं. प्रत्येक वेळी आम्रपालीचा हात त्याच्या मुठीवर घट्ट व्हायचा, आणि ती आणखी मोठ्यानं रडायची.