एका कारखान्यातली दोन घड्याळं

चिंचपोकळीच्या त्या डब्यांच्या कारखान्यात दोन घड्याळं होती आणि दोन्ही शेटच्या बाजूची. फाटकावरचं रेल्वेच्या वेळेनं चाले. त्यात आठ वाजून गेल्यावर आलात की अर्ध्या दिवसाचा खाडा. आतलं शेटच्या वडलांनी लावलेलं, जुन्या मुंबई टाइमचं, चाळीसेक मिनिटं मागे. संध्याकाळी सहाची सुटी मात्र त्याच्यावर.

तिथं कामाला असलेल्या चंपाचा जीव त्या चाळीस मिनिटांत अडकला होता. परळच्या रात्रशाळेतून ती फायनलच्या परीक्षेला बसणार होती. शाळा साडेसहाला भरायची आणि ही रोज धापा टाकत तास बुडाल्यावर पोचायची. आता एकदा जरी उशीर झाला तरी नाव कमी करीन, असं शाळेच्या सुंदराबाईंनी काल बजावलं होतं.

कारखान्यातल्या म्हाताऱ्या गुणाजीमामांनी तिला समजावलं. सूर्य मुंबईच्या डोक्यावर उशिरा येतो, म्हणून शहराची वेळ पूर्वी वेगळी होती. पण गावागणिक वेगळ्या वेळेवर गाड्या धावणार कशा? म्हणून देशाच्या मधली, अलाहाबादकडची वेळ सगळ्यांनी धरली. दोन्ही वेळा खऱ्याच, असं मामांचं म्हणणं.

"दोन्ही एकाच दिवशी कशा खऱ्या, मामा?" चंपानं विचारलं. लबाडीला इतकं शास्त्रशुद्ध कारण क्वचितच मिळतं.

ते साल पंचावन्न. मुंबई कोणाची, यावरून नाक्यानाक्यावर सभा होत होत्या. शेटही बेरकी. मुंबई तुमची म्हणता ना, मग मुंबईची वेळ पाळा, असं तो सभांना जाणाऱ्या कामगार गंगाधरला हसून म्हणायचा.

दुसऱ्या दिवशी फाटकावर आठ वाजले, तरी कोणी आत गेलं नाही. रात्री चाळीत घरोघर फिरून चंपानं सगळ्यांना तयार केलं होतं. शेट तणतणत बाहेर आला.

"शेट, तुमच्या वडलांच्या घड्याळात आठ वाजू द्या," चंपा म्हणाली. "मग येतो आम्ही."

बरं, वडलांचंच घड्याळ धरू, असं शेट म्हणाला असता तर सुटी होती तिथेच राहिली असती आणि तिची शाळा कायमची गेली असती. पण दिवाळीच्या मिठाईचे डबे न्यायला हलवायाची हातगाडी दारात उभी होती आणि गाडीवाला रिकामाच परत निघायच्या गोष्टी करत होता. शेटनं गाडीकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. मग आत जाऊन खुर्ची ओढून तो वर चढला आणि वडलांच्या घड्याळाचा काटा स्वतःच्या हातानं फाटकावरच्या वेळेपर्यंत पुढे सरकवला.

"सुटीपण ह्याच्यावरच ना, शेट?" चंपानं दारातूनच विचारलं.

शेटनं मान डोलावली. गंगाधरनं अशी काही घोषणा दिली की शेजारच्या कारखान्यातले लोक बाहेर आले. गुणाजीमामा तर लहान मुलासारखे हसत आत गेले. चंपाला मोठ्यानं रडावंसं वाटलं, इतका आनंद झाला होता.

संध्याकाळी सहाच्या ठोक्याला सगळे बाहेर पडले. चंपा परळला पोचली तेव्हा सुंदराबाई शाळेचं कुलूप काढत होत्या. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि आज लवकर कशी, असं विचारलं.

"लवकर नाही, बाई," चंपा म्हणाली. "वेळेवर."