मनगटातली दोरी

दोरीबाबांपुढे अख्खी गल्ली हात पुढे करून रांगेत उभी होती. शिलाई कारखान्याच्या वरच्या खोलीत पंखा गरगरत होता, आणि बाबांची जीभ त्याहून जोरात.

"हात सरळ ठेवा. अंगठा करंगळीला लावा. दिसते दोरी? नाही! पूर्वज रुसलेत तुमच्यावर." मग ते हातात तांब्याचं कडं चढवत. "आता मनगट वाकवा, पूर्वजांपुढे नम्र व्हा." असं म्हणताच लोक मनगट वाकवायचे, की मधोमध कातडीखालून ताठ दोरी वर यायची आणि लोक तोंडात बोट घालायचे.

आत्या मागच्या भिंतीला टेकून बघत होती. माणूस कुठून आला, कसा बदलत गेला, हे ती कॉलेजात पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवायची. एरवी ती इथे फिरकलीही नसती. पण आज रांगेच्या तोंडाशी तिची भाची होती आणि शेजारी भाचीची होणारी सासू. लग्न आठवड्यावर आलेलं, आणि सासूबाईंचा हट्ट, आधी सुनेची दोरी बघायची.

भाचीने मनगट वाकवलं. काही नाही. बाबांनी कडं बदललं, डोळे मिटले, पुटपुटले. मनगट आपलं सपाटच.

"सात पिढ्यांचा कोप," बाबा म्हणाले. "ही पोरगी घरात आली की वंश बुडाला म्हणून समजा."

सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "बाई गं, मग हे लग्न नको." भाचीचे डोळे भरून आले. आत्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"विहीणबाई, लग्न काय, उद्याही मोडता येईल," ती पुढे येत म्हणाली. "आधी सगळ्यांनी कडी काढा. अंगठा करंगळीला लावा, मनगट वाकवा."

"कड्याशिवाय?" रांगेतल्या शिंपीकाकांनी विचारलं.

"कड्याशिवाय."

खोलीभर दोऱ्या उभ्या राहिल्या. "अहो, ही तर वाकवल्यामुळे दिसते," शिंपीकाका म्हणाले. "कड्याचा काय संबंध?"

"काडीचा नाही. बाबा आधी हात सरळ ठेवायला लावतात, म्हणून ती दिसत नाही. हे एका छोट्या स्नायूचं टोक. झाडांवर लोंबकळणाऱ्या आपल्या पूर्वजांना तो कामाचा असावा. आपण खाली उतरून युगं लोटली. आता त्याच्यावाचून अडत नाही, म्हणून काहींना तो जन्मतःच नसतो. माझ्या वर्गात दरवर्षी अशी चार-सहा मुलं निघतात, आणि पंजा लढवताना कुणाला हार जात नाहीत."

सासूबाई गुपचूप दोन्ही मनगटं वाकवून बघत होत्या. "बाबा, तुम्ही माझा उजवाच हात बघितलात. डाव्यात दोरी नाही की हो."

बाबा गडबडले. "डाव्या हाताचे पूर्वज वेगळे असतात."

"म्हणजे मी अर्धीच शापित? तीन पोरं वाढवली, ती काय एका हाताने?"

खोलीत हशा पिकला. त्या गोंधळात बाबांनी कडी पिशवीत भरली आणि जिना गाठला.

"पूर्वज आपल्या हाडामांसात आहेत, ते कशाला कोपतील?" आत्या म्हणाली. "कुणी चमत्कार दाखवला, तर त्याची अट बाजूला ठेवून एकदा करून बघा. खरं असेल ते तरीही घडेल."

सासूबाईंनी भाचीचा हात धरला. "चुकलं माझं, पोरी. लग्न ठरल्या दिवशीच. आणि यापुढे घरात काही ठरवायचं, तर आधी दोन्ही हात तपासायचे."