मैदानाचा राखणदार

रामकिशनने लाल निशाण वर केलं, पण विमान काही माघारी जाईना.

लढाईच्या धामधुमीत, अडीनडीला विमान उतरावं म्हणून सरकारने हिंगोलीबाहेरचा माळ सपाट केला आणि राखणीला रामकिशनला नेमलं. अडीनड कधी आलीच नाही. त्याचा सारा अंमल चालायचा तो म्हशींवर, आणि म्हशी कुणाच्या बापाला भीत नाहीत. लोक त्याला ‘विमानसाहेब’ म्हणत, ते काही आदराने नव्हे.

आणि आज विमान आलं, तर नेमकी मैदानावर पांढऱ्या कापडाची भलीमोठी फुली. अवकाळी पावसाने मधल्या भागाचा चिखल झाला होता. फुली असेल तोवर कुणी उतरायचं नाही, असा साहेबाचा हुकूम होता.

विमान डोक्यावरून गेलं. त्याच्या नाकातून काळा धूर निघत होता. उघड्या बैठकीतल्या माणसाने हात बाहेर काढून जमिनीकडे बोट केलं.

“अवं, त्यो पुसून न्हाई राहिला,” रामकिशनची बायको चतुराबाई म्हणाली. “सांगून राहिला.”

फुली उचलावी तर नोकरी जाईल, न उचलावी तर माणूस. रामकिशनने निशाण खाली टाकलं.

“धर ते टोक.”

दोघांनी कापड ओढत नेऊन चिखलाच्या कडेने लांबलचक पसरलं, म्हणजे पलीकडची कोरडी पट्टी वरून दिसावी. मग तो मैदानाच्या रेल्वे स्टेशनाकडच्या टोकाला उभा राहून हातवारे करू लागला, की इकडून ये.

विमान वळलं ते उलट्या अंगाने.

“तुमचं ऐकून न्हाई राहिला की.”

रामकिशनला रागच आला. मग त्याला आपल्या झोपडीवरचा चुलीचा धूर दिसला. तो विमानाकडे झुकला होता.

“वाऱ्याच्या तोंडाला येऊन राहिला त्यो, म्हंजी लवकर थांबंल. बराबर हाय. चिखल दाखवायचा आपण, उतरायचं त्यानं.”

विमान कापडाला लगटून उतरलं, उड्या मारत गेलं आणि थांबलं. आतला तरुण खाली उतरला आणि तिथेच मातीत बसला. चतुराबाईने त्याला पाणी दिलं.

दुसऱ्या दिवशी साहेब आला. “फुली किसने उठाई?”

“म्या, साहेब.”

“उठाई, इसलिए मैं जिंदा हूँ,” वैमानिक म्हणाला.

साहेबाने दोघांकडे पाहिलं. “कापड धुऊन घे,” एवढंच बोलून तो गेला.

इंजिन दुरुस्त झालं त्या दिवशी सारं गाव माळावर लोटलं. विमानात चढण्याआधी वैमानिक गर्दीतून वाट काढत रामकिशनकडे आला.

“चाचा, जाऊँ क्या?”

रामकिशनने पट्टी नीट पाहिली. बाजाराला निघालेली हळदीची एक गाडी वाट वाचवायला मैदानातून आडवी चालली होती.

“ठैरो,” तो म्हणाला.

गाडी पार होईपर्यंत वैमानिक टोपी हातात धरून उन्हात उभा राहिला.