पिकअपमधली देवी

पाचोडच्या आठवडी बाजारात त्या सकाळी शेळ्या बघायला कोणी थांबत नव्हतं. सगळी गर्दी पुंजारामच्या पिकअपभोवती लोटली होती. हौद्यातल्या शेळ्या मान वर करून माणसांकडं बघत होत्या. पुढं केबिनमध्ये फुंकरबाबा बसले होते. डॅशबोर्डवर हिरवं कापड, त्यावर झेंडूचे हार. शेजारी स्टिअरिंगवर पुंजाराम किल्ली फिरवून बसलेला.

बाबांनी कापडाखाली हात घातला आणि डोळे मिटले.

"आई, एक?" सामसूम. "आई, दोन?" सामसूम. "आई, तीन?" हाराचं पानही हललं नाही. "आई, चार?"

गाडीचा ब्लोअर, म्हणजे हवेचा पंखा, असा घोंगावला की डॅशबोर्डच्या जाळीत भरलेली हळद उसळली आणि दारातून डोकावणारे तिघं पिवळेधमक झाले. बायांनी हात जोडले. कुणीतरी टायरवर नारळ फोडला.

खरं तर दिवाळीपासून पुंजारामचा ब्लोअर फक्त चार नंबरवर चालत होता. थंडीत काच धुरकटली की एक तर पुसत बसायचं, नाहीतर वादळ अंगावर घ्यायचं. हे गाऱ्हाणं त्यानं एकदा चहाच्या टपरीवर बाबांपुढं मांडलं. बाबा गंभीर झाले. देवी तीनदा भक्ताची परीक्षा बघते, चौथ्यांदा प्रसन्न होते, असं त्यांनी सांगितलं. पुंजारामला आधी हसू आलं होतं. पण जन्मभर 'ए शेळ्यावाल्या' ऐकलेल्या कानांवर 'पुंजारामशेठ' पडू लागलं, आणि हसू कुठल्या कुठं गेलं.

आज त्याची चार वर्षांची नात सुकेशनी देवीच्या फुंकरीला आणली होती. तिला दोन दिवस धाप लागत होती. सुई टोचली तर देवी रुसेल, असं बाबांनी बजावलं होतं. पुंजारामच्या बायकोनं, भामाबाईनं, नातीला जाळीसमोर धरलं. बाबांनी चारपर्यंत मोजलं. हळदीचा लोट पोरीच्या तोंडावर आला. ती खोकलीसुद्धा नाही. तिचे ओठ काळसर पडले आणि बरगड्या आत ओढल्या जाऊ लागल्या.

"अंगात येतंय," बाबा म्हणाले.

तेवढ्यात पुंजारामची भाची रत्नमाला गर्दी सारत आली. ती संभाजीनगरला आयटीआयमध्ये गाड्यांच्या वायरिंगचं काम शिकवते. सुटीला आली होती. तिनं पोरीला उचललं आणि केबिनमध्ये चढली. "मामा, गाडी काढा. दवाखाना."

पुंजारामनं बाबांकडं पाहिलंच नाही. त्यानं गिअर टाकला. बाबांना उतरायला सवड मिळाली नाही. ते मधे चेपून बसले. भामाबाई मागं शेळ्यांत चढली. देवीची मिरवणूक निघाली असं समजून निम्मा बाजार गाडीमागं पळू लागला.

हळद अजून उडतच होती. "पंखा बंद करा," रत्नमाला कडाडली. घाबरलेल्या बाबांचा हात कापडाखाली आपोआप फिरला आणि देवी गप्प झाली. पुंजारामनं ते पाहिलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी सुकेशनीला औषधाची वाफ दिली. तासाभरात तिचा श्वास ठिकाणावर आला. आधीच आवळलेल्या छातीत हळद गेली होती, अजून उशीर केला असता तर पोर हाती लागली नसती, असं ते म्हणाले. पुंजाराम भिंतीला टेकून खाली बसला.

बाहेर गर्दी थांबलीच होती. रत्नमालानं कापड ओढलं तेव्हा बाबांचा हात जिथं असायचा तिथं ब्लोअरचं बटण निघालं. मग तिनं डॅशबोर्डचा खण काढला, मागचे दोन स्क्रू पान्यानं सैल केले आणि तळहाताएवढा एक तुकडा बाहेर काढला. त्याच्या तारा जळून तुटल्या होत्या.

"ह्याला रेझिस्टर म्हणतात. चारवर वीज थेट पंख्याला जाते. एक, दोन, तीनवर ती ह्या तारांतून जाते, म्हणून पंखा हळू फिरतो. तारा तुटल्या, हळू फिरायची वाट बंद झाली."

पंख्यातून तिनं मूठभर शेळीचे केस ओढून काढले. त्यांनी पंखा जड झाला, वीज जास्त ओढू लागला आणि तारा तापून जळाल्या. दुकानातून आणलेला नवा रेझिस्टर तिनं बसवला. एकवर मंद वारा आला.

बाबा म्हणाले, आई शांत झाली. रत्नमालानं जुना तुकडा परत लावला. एक, दोन, तीन बंद. आई रुसली, बाबा म्हणाले. नवा लावला, शांत झाली. तिनं पुन्हा जुना हातात घेतला, तेव्हा गर्दीतली एक म्हातारी म्हणाली, "बाबा, ही आई तर पान्यानं रुसती अन् पान्यानं हसती की." हशा उसळला. बाबा चपला शोधू लागले.

पुढच्या बाजारी एकजण त्या जळक्या तुकड्याला कुंकू लावायला आला. पुंजारामनं तो खिशात टाकला.

"देवी नव्हती गाडीत," तो म्हणाला. "व्हय, मला ठावं होतं, गाडी बिघडलीय म्हणून. शेठ म्हणत होते, म्हणून गप बसलो. नात जात होती माझी."

मंडळी, एवढं कबूल करायला पुंजारामला जी हिंमत लागली, ती देवीपुढं लोटांगण घालायला लागत नाही. गाडी अडली तर ती उघडून बघा. लेकराला धाप लागली तर डॉक्टर गाठा. आणि कोणी कापडाखाली हात घालून चमत्कार दाखवू लागला, तर हात जोडण्याआधी कापड उचला.