दगडासारखं गार

मित्रांनो, मी एक जुना फ्रीज आहे, पण हल्ली माझ्या पोटात गार असे काहीच नसते. मागच्या गॅलरीत मला भिंतीला टेकवून ठेवले आहे. आत कांदे, बटाटे आणि रिकाम्या पिशव्या आहेत, दाराला सुतळी बांधली आहे. कुणी माझ्याबद्दल विचारले तर अक्का म्हणते, "तो? त्याने माझ्या भावाचा जीव घेतला." मग विचारणारा माझ्याकडे वाकड्या नजरेने बघतो. तुम्हीही बघा बापडे. पण आधी माझे ऐकून तरी घ्या.

मी एका मोठ्या कारखान्यात जन्मलो. पत्रा वाकवून माझे अंग केले, दोन पत्र्यांच्या मध्ये गारवा टिकवायला काचेच्या तंतूंचा कापूस भरला, पाठीला नळ्या जोडल्या आणि खाली कॉम्प्रेसर बसवला. पहिली काही वर्षे मी एका उपाहारगृहात काढली. तिथे दिवसातून शंभर वेळा माझे दार आपटले जाई, पण आभार मानायची कुणाला सवय नव्हती. एकदा माझ्यातला गॅस गळाला, तसे मालकाने मला उचलून भंगारात दिले. माझ्या अंगावर पाऊस पडला, आत कोळ्यांनी जाळी विणली. आपले दिवस भरले, असे मी समजलो होतो.

तिथून मला मिस्त्रीने उचलले. तो फ्रीज दुरुस्त करणाऱ्या दुकानात कामाला होता. सडपातळ, बडबड्या, आणि तोंडात सतत शिट्टी. त्याने माझ्या नळ्या नव्याने जोडल्या, गॅस भरला आणि दुकानात उरलेला फिकट हिरवा रंग मला फासला. हातगाडीवर घालून घरी आणले आणि दारातूनच ओरडला, "अक्का, बघ कोण आलंय! म्हातारबा आहे, पण कामाचा आहे."

अक्का ही त्याची मोठी बहीण. आई गेली तेव्हा मिस्त्री रांगत होता; तिनेच त्याला लहानाचे मोठे केले. त्याच्या पायी तिने स्वतःचे लग्नही मनावर घेतले नाही. ती मासळी गोठवण्याच्या कारखान्यात कामाला जाई. दिवसभर बर्फात हात घालून तिची बोटे लाल आणि जाड झाली होती. त्या कामातून जगाचे एकच मोजमाप तिच्या डोक्यात पक्के बसले होते. मासा नुसता थंड राहिला तर संध्याकाळपर्यंत गेला, आणि दगडासारखा गार झाला तर वर्षभर चिंता नाही. आवडलेल्या कुठल्याही गार वस्तूला ती हेच म्हणे, "वा, दगडासारखं गार!" पहिल्याच दिवशी माझ्या वरच्या बर्फाच्या खणात बोट घालून तिने मला हे प्रशस्तिपत्र देऊन टाकले, आणि मी फुशारून गेलो.

ती माझी चांगली वर्षे होती. कुणाचा पाय मुरगळला की शेजारीपाजारी बर्फ न्यायला येत. कुणाच्या बाळाचे दूध माझ्यात राही. मिस्त्री येता-जाता माझ्या पाठीवर थाप मारी.

मग मिस्त्री थकू लागला. जिना चढताना मध्येच बसे. शिट्टी थांबली. एके दिवशी अक्काने त्याला उजेडात उभे केले, डोळ्यांखालची कातडी ओढून पाहिली आणि तिचा चेहरा पडला. डोळे पिवळे झाले होते. रक्त तपासल्यावर कळले की काविळीच्या एका विषाणूने त्याच्या यकृतात कधीपासून घर केले आहे. यकृत हळूहळू कडक होत चालले होते. विषाणू आटोक्यात आला तर मिस्त्री जगणार होता, नाहीतर नाही.

त्यासाठी इंजेक्शने सुरू झाली. इंटरफेरॉन नावाचे औषध, बोटभर उंचीच्या काचेच्या कुप्यांत. दवाखान्यातल्या सिस्टरने अक्काच्या हातात खोके दिले आणि म्हणाली, "गार ठेवा हं. बाहेर राहिलं तर वाया जाईल." एवढे बोलून तिने पुढच्या रुग्णाला हाक मारली. अक्काने घरी येऊन माझा मधला कप्पा साबणाने धुतला, टोमॅटो खाली ढकलले आणि तिथे ते खोके ठेवले. मित्रांनो, तेव्हा मला केवढा अभिमान वाटला म्हणून सांगू! आजवर मी दूध आणि भाजी सांभाळली होती. आता माझ्या पोटात एका माणसाचा जीव होता.

टोचायचे कसे ते शिकवायला सिस्टर घरी आली. संध्याकाळी मिस्त्रीला सडकून ताप भरला. दातावर दात वाजत होते, अंगावर घरातली सगळी पांघरुणे. अक्का घाबरून सिस्टरला बोलावून घेऊन आली. सिस्टर म्हणाली, "अहो, ताप येणारच. हे औषध स्वतः विषाणूला मारत नाही. अंगातले पहारेकरी झोपलेत ना, त्यांना हे हलवून उठवतं. ते उठले की आरडाओरडा करणारच."

पहारेकरी दर वेळी उठले आणि दर वेळी मिस्त्रीचे हाल झाले. सांधे ठणकत, अन्न नकोसे होई, केस उशीवर गळून पडत. तो भिंतीकडे तोंड करून पडून राही आणि उगाच अक्कावर खेकसे. एकदा म्हणाला, "आजार राहू दे अक्का, या औषधानेच मी जाईन." अक्काने पदराआड डोळे पुसले आणि तरीही सुई भरली. पुढच्या तपासणीत रक्तातला विषाणू खूपच कमी झालेला निघाला. त्या दिवशी अक्काचा जीव भांड्यात पडला.

आता माझे दुखणे सांगतो. माझ्या दाराचे रबर चिरले होते. बाहेरची गरम हवा आत शिरे, आतल्या भिंतींना पाणी सुटे. अक्का म्हणायची, "बाळ्या, रबर बदल की रे." तो म्हणायचा, "उद्या नक्की." दुकानातले सोबती बदलून द्यायला तयार होते, पण मिस्त्रीला ते चालत नव्हते. "माझ्या म्हातारबाला दुसऱ्याचा हात लागायला नको," असे तो म्हणे. आणि त्याच्या स्वतःच्या हातात तर पाना धरायचेही बळ नव्हते.

एक दिवस माझ्यातले दूध नासले. अक्काच्या तोंडचे पाणी पळाले. तिने घाईने औषधाची कुपी हातात घेतली. कुपी थंड होती, पण नुसती थंड, कारखान्यात टाकून देतात त्या मासळीसारखी. मग अक्काने तेच केले, जे तिच्या हातांना आयुष्यभर माहीत होते. सगळ्या कुप्या उचलून तिने वरच्या बर्फाच्या खणात रचल्या आणि त्याचे छोटे झाकण घट्ट लावले. मला तरी कुठे काय माहीत होते! मी इमानेइतबारे त्या गोठवल्या. इंजेक्शनच्या आधी ती कुपी तळव्यांत चोळून वितळवी. औषध पहिल्यासारखेच स्वच्छ दिसे.

आणि काय आश्चर्य! त्या दिवशी मिस्त्रीला ताप आला नाही. पुढच्या वेळीही नाही. अक्का हरखून गेली. दवाखान्यात सिस्टर म्हणाली, "काहींच्या अंगाला सवय होते." मिस्त्री पोटभर जेवू लागला, त्याचे केस परत येऊ लागले. शिट्टीसुद्धा ऐकू येऊ लागली. त्याने दुकानातून माझ्यासाठी नवे रबर आणून माझ्या डोक्यावर ठेवले. ते दिवस त्या घरातले सगळ्यांत आनंदाचे होते. आज ते आठवले की मला शहारा येतो.

कारण पुढच्या तपासणीत विषाणू पुन्हा पहिल्याइतकाच निघाला.

अक्का कामावर गेली असताना सिस्टर घरी आली. तिने विचारले, "कुप्या कुठे ठेवता?"

"फ्रीजमध्ये. आणखी कुठे?" मिस्त्री म्हणाला.

तिने माझे दार उघडले. मधल्या कप्प्यात टोमॅटो होते. मग तिने बर्फाच्या खणाचे झाकण उघडले. हिमात चिकटलेली एक कुपी तिने ओढून काढली.

"हे गोठवायचं नसतं हो," ती हळूच म्हणाली. "एकदा गोठलं की गेलं. वितळल्यावर दिसतं तसंच, पण त्याच्यात काही उरत नाही."

"मग ताप यायचा थांबला तो..."

"कुणी उठलंच नाही. उठवणारं काही आत जातच नव्हतं." तिने कुपी मुठीत घट्ट धरली. "मी नुसतं 'गार ठेवा' म्हणाले. 'गोठवू नका' म्हणायला मला किती वेळ लागला असता?"

मिस्त्री माझ्या अंगाला पाठ टेकवून खाली बसला. त्याच्या पाठीची हाडे मला टोचत होती. तो म्हणाला, "सिस्टर, हे अक्काला सांगू नका."

"असं कसं? तिला कळायला हवं."

"तिने मला वाढवलंय हो. हे कळलं तर ती माझ्या आधी जाईल. तुमच्या पाया पडतो."

सिस्टर रडत रडत 'बरं' म्हणाली.

अक्का घरी आल्यावर मिस्त्रीने माझ्याकडे बोट दाखवले. "या म्हाताऱ्याने घात केला, अक्का. तू कामावर गेलीस की लाइट जायची. त्यात रबर फाटलेलं. दुपारभर आतलं सगळं वितळायचं, औषध तापायचं. रबर मी बदललं नाही. चूक माझी."

अक्काने पालथ्या हाताने माझ्या दारावर असा फटका मारला की त्याचा पोचा अजून आहे. मी सहन केले. ती झोपायला गेल्यावर मिस्त्री माझ्याजवळ आला. "माफ कर, म्हातारबा. तुझी पाठ रुंद आहे," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी बसत, उठत, धापा टाकत त्याने मला नवे रबर बसवले. राखायचे तर आता काहीच उरले नव्हते, तरी कोपरे अगदी नीट बसवले. त्याच्या हातचे ते शेवटचे काम.

पुन्हा इंजेक्शने सुरू करायला डॉक्टरांनी नकार दिला. मिस्त्रीच्या पोटात पाणी झाले होते. ते औषध आता त्याला सोसले नसते. पुढे तो फार दिवस राहिला नाही. तो गेल्यावर अक्काने माझी वायर काढली आणि मला गॅलरीत ओढून आणले. नवे रबर अजून घट्ट बसते, सुतळीची खरे तर गरज नाही.

मला त्याचा राग नव्हता. त्याने मायेपोटी एक खोटे माझ्या पाठीवर ठेवले होते आणि मी ते वाहत होतो. आजवर त्याचे ओझे झाले नव्हते.

आज दुपारी शेजारची शिवणकाम करणारी बाई अक्काकडे आली. तिच्या नवऱ्याला तोच आजार निघाला आहे. हातात तेच खोके होते. अक्काने तिला जवळ बसवले, कातडीची चिमूट कशी धरायची ते दाखवले, ताप आला तर घाबरू नकोस म्हणून सांगितले. किती मायेने सांगत होती! आणि मग माझ्याकडे बघून म्हणाली, "माझ्यासारखं होऊ देऊ नकोस, बाई. माझा फ्रीज नासका निघाला. तुझा नवा आहे ना? मग थेट बर्फाच्या खणात ठेव. दगडासारखं गार राहायला हवं."

"तुम्ही आहात म्हणून बरं, अक्का," ती बाई म्हणाली आणि खोके छातीशी धरून घरी गेली.

मित्रांनो, फ्रीजचे रबर फाटले तर वेळीच बदला, हे तर मी सांगणारच. औषध घरी आणाल तेव्हा ते कसे ठेवायचे आणि कसे ठेवायचे नाही, दोन्ही विचारा. लाजू नका. पण त्याहून मोठी विनवणी आहे. कुणाला वाचवण्यासाठी खरे झाकून ठेवाल, तर ते पुढे कुणाच्या दारात जाईल याचा विचार करा. मला तोंड नाही, आता तर घरघरही नाही. तुम्हाला तोंड आहे.

भिंतीपलीकडून आत्ताच फ्रीज उघडल्याचा आवाज आला. आधी मोठे दार, मग आतले छोटे झाकण. गोठायला थोडा वेळ लागतो, हे माझ्याइतके कुणाला ठाऊक नाही. तेवढ्यात कुणीतरी जा रे. अक्काला कळले तरी चालेल. जा.