टेबलाखालचा तुकडा

बायकोला, विदाला, जाऊन सात महिने झाले, तेव्हा येर्नेयने तिची रायफल विकायला काढली. तिच्या नावावरची रायफल आता कुणाच्या तरी नावावर करायलाच हवी होती. तिच्याबरोबर त्याने स्वतःचीही रायफल गाडीत टाकली आणि दोन्ही घेऊन तो कोचेव्ये गावात बोरूतकडे गेला. बोरूतचं बंदुकांचं दुकान होतं आणि दुकानामागे, जुन्या दगडखाणीत, नेमबाजीची रेंज होती. दोघांची मैत्री शाळेपासूनची.

"दोन्ही घे आणि मला एक दे," येर्नेय म्हणाला. "जंगलातही चालेल आणि रेंजवरही. एकच बोअर, एकाच मापाची काडतुसं. आता एकट्या माणसाला दोन रायफली कशाला?"

"आणि तुझी ही तोफ? नऊ पॉइंट तीन मिलिमीटरची? तिचं कौतुक तर तू आम्हाला वीस वर्षं ऐकवलंस."

"तिची दुर्बीण बिघडलीय."

नोव्हेंबरात काय झालं ते बोरूतला ठाऊक होतं. येर्नेयने एका हरिणीवर गोळी झाडली होती आणि ती पोटात लागली. रात्रभर हरिणी कुठेतरी पडून राहिली. सकाळी कुत्र्याने शोधली तेव्हा ती अजून जिवंत होती. मग तिला मारल्यावर शिकाऱ्यांच्या रिवाजाप्रमाणे शेवटचा घास म्हणून तिच्या तोंडात स्प्रूसच्या झाडाची डहाळी ठेवताना येर्नेयने कुणाकडे पाहिलं नव्हतं. त्यानंतर त्याने रायफल उचलली नव्हती. शनिवारी शिकारी मंडळाची वसंतातली चाचणी होती. कागदावरच्या हरणावर शंभर मीटरवरून पाच गोळ्या, पन्नासपैकी चाळीस गुण. जमलं नाही तर मंडळाचा राजीनामा द्यायचा आणि जंगल सोडायचं, असं त्याने मनाशी ठरवलं होतं. हे त्याने फक्त बोरूतला सांगितलं होतं.

"चल, आधी तुझी दुर्बीण बघू," बोरूत म्हणाला.

रेंजवर बोरूतने पाठमोरं उभं राहून येर्नेयची रायफल भरली आणि त्याच्या हातात दिली. पहिली गोळी कागदाच्या कडेला गेली. दुसऱ्या वेळी येर्नेयने चाप ओढला आणि नुसतं 'टक' वाजलं. बोरूतने मधे रिकामं काडतूस घातलं होतं. आवाज नाही, धक्का नाही, तरी रायफलीची नळी वीतभर खाली गेली होती आणि येर्नेयचे डोळे घट्ट मिटले होते.

त्याने डोळे उघडले.

"दुर्बीण ठीक आहे," बोरूत म्हणाला.

"विदा म्हणायची, तू डोळे मिटतोस."

"आणि तू काय म्हणायचास?"

"तू आपली विणकामाची सुई सांभाळ म्हणायचो."

विदा शिकार करत नसे. पण दर गुरुवारी ती त्याच्याबरोबर रेंजवर यायची आणि आपल्या साडेसहा मिलिमीटरच्या, कमी धक्का देणाऱ्या रायफलीने, जिला येर्नेय विणकामाची सुई म्हणायचा, चाळीस-चाळीस गोळ्या झाडायची. येर्नेय सहा झाडायचा आणि खांदा चोळत कॉफी प्यायला बसायचा.

"सदरा काढ," बोरूत म्हणाला.

"का?"

"काढ रे. मी काही डॉक्टरीण नाही लाजायला." त्याने येर्नेयच्या खांद्यावर बोट ठेवलं. "किती किलो उतरलास?"

"नऊ."

"हाडावर दस्ता टेकवतोयस. रायफल लाथ मारणार आणि तू घाबरणार, दुसरं काय होणार? जेवतोस तरी का?"

"उकडलेले बटाटे खातो."

"वर काय घेतोस?"

"मीठ."

बोरूतने मान हलवली. दुकानात परतल्यावर त्याने एक तीनशेआठ बोअरची रायफल काढून दाखवली. काडतुसं कुठेही मिळतात, हरणाला पुरते, रेंजवरही चालते. येर्नेयने ती खांद्याला लावली आणि खाली ठेवली.

"चांगली आहे," तो म्हणाला.

"चांगली आहेच. पण मला विचारशील तर दोनशे वेळा खांद्याला सोसेल तीच घे. रेंजवर दोनशे झाडशील तेव्हा जंगलात एक नीट बसेल. आणि तसली रायफल तू स्वतःच विकायला आणलीयस."

"साडेसहाने सांबराएवढं हरीण पडतं का?"

"स्वीडनवाले घोड्याएवढे एल्क पाडतात त्याने. गोळी चांगली घे आणि लांबून हाणू नकोस. अस्वलाच्या वाटेला मात्र जायचं नाही. तसाही तू कधी गेला नाहीस."

येर्नेयने विदाची रायफल उचलली. दुर्बीण डोळ्याला टेकली, कोपर बरगडीत घुसलं. खांद्याला टेकणारा लाकडी दस्ता आखूड होता. नऊ वर्षांपूर्वी बोरूतनेच तो विदाच्या हाताच्या मापाने तीन सेंटीमीटर कापला होता.

"नवीन दस्ता बसवू," बोरूत म्हणाला. "पण शनिवारपर्यंत नाही व्हायचा. तो कापलेला तुकडा असता तर उद्याच जोडून दिला असता. पण नऊ वर्षांपूर्वीचं लाकूड कोण ठेवतं?"

येर्नेयने रायफल हळूच टेबलावर ठेवली.

"टेबलाखाली आहे," तो म्हणाला.

"कुठल्या?"

"आमच्या स्वयंपाकघरातल्या. एक पाय आखूड आहे. तो तुकडा तिनेच सरकवला होता. मी म्हणत होतो पाय दुरुस्त करतो, करतो. ती म्हणाली, तू करेपर्यंत अक्रोडाचं लाकूड सडणार नाही."

घरी येऊन त्याने टेबल एका हाताने उचललं आणि तुकडा ओढून काढला. एका बाजूला पायाचा गोल वण पडला होता आणि कडेला धूळ चिकटली होती. ओल्या फडक्याने पुसल्यावर आतल्या तपकिरी रेषा दिसू लागल्या. दुसऱ्या दिवशी बोरूतने तो जागेवर धरला तेव्हा रेषेला रेष जुळली. गोल वण तेवढा राहिला.

"घासून काढू?"

"राहू दे. आतच जाणार आहे."

बुधवार, गुरुवार, शुक्रवार, रोज तो विदाची रायफल घेऊन रेंजवर गेला आणि त्याने तीस-तीस गोळ्या झाडल्या. पहिल्या दिवशी डोळे मिटतच होते. बोरूत मधेच रिकामं काडतूस घालायचा आणि काही न बोलता बघायचा. शुक्रवारी दुपारी 'टक' वाजलं आणि नळी हलली नाही. त्या दिवशी बोरूतच्या बायकोने डब्यात आंबट कोबीचं सूप आणि सॉसेज पाठवलं होतं. येर्नेयने ते रेंजवरच संपवलं.

शनिवारी त्याला शेहेचाळीस गुण मिळाले.

"विदाला एकोणपन्नास मिळाले असते," बोरूत म्हणाला.

"पन्नास," येर्नेय म्हणाला.

मंडळाने त्याला यंदा शिकारीसाठी एक हरीण नेमून दिलं. त्याने कागदावर सही केली, नऊ पॉइंट तीनची रायफल बोरूतकडे विकायला ठेवली आणि दुपारी घरी आला. कॉफी करून टेबलावर ठेवली, तर टेबल विदा बसायची त्या बाजूला झुकलं आणि थोडी कॉफी बशीत सांडली. त्याने कप आपल्या बाजूला ओढून घेतला, कोपर टेबलावर रोवलं आणि तो सावकाश कॉफी प्यायला. मग कपाटातून एक अंडं काढलं आणि बटाट्यांबरोबर उकडायला टाकलं.