आवाज करणारी डिस्क

कॉम्प्युटरच्या दुकानात जाऊन कोणी "आवाज करणारी द्या" असं मागत नाही. माणसं तिथे वेग मागतात, जागा मागतात आणि किंमत ऐकून नाक मुरडतात. ठेंगूने मात्र महिन्याभरात एकाच दुकानात दोन फेऱ्या मारल्या आणि दुसऱ्या फेरीत अगदी हेच मागितलं. पहिल्या फेरीत तिने नेमकं उलट मागितलं होतं, तेही भावावरच्या मायेपोटी. मायेच्या भरात माणूस समोरच्याला विचारायचंच विसरतो, तसं तिचं झालं.

ठेंगू हे काही तिचं खरं नाव नव्हतं. लहानपणी ती दादाच्या खांद्यापर्यंतही पोचत नव्हती, तेव्हा त्याने ते ठेवलं. पुढे ती त्याच्यापेक्षा चांगली चार बोटं उंच झाली, पण दादाच्या तोंडातून नाव काही सुटलं नाही. दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये ती कामाला होती. दिवसभर लोकांचे प्लास्टरचे जबडे घासायचे आणि नखांत पांढरी भुकटी घेऊन घरी यायचं. दादा पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात तक्रारींचे फोन घेई. त्याआधी तो क्रेन चालवायचा. पस्तिशीच्या आसपास त्याची नजर कडेकडून कमी होत गेली आणि चाळिशी गाठेपर्यंत उजेड आहे की अंधार, एवढंच कळायचं उरलं. क्रेन सुटली. त्याबद्दल घरात कोणी बोलत नसे.

रविवार मात्र सुटला नव्हता. रविवारी सकाळचा चहा झाला की दोघं कॉम्प्युटरसमोर बसत आणि एका बंद पडलेल्या खाणीत उतरत. गेम जुना होता. पूर्वी दादा खेळायचा आणि ठेंगू खुर्चीमागे उभी राहून नको ते सल्ले द्यायची. आता ठेंगू खेळायची आणि दादा शेजारी बसायचा. चपला काढून, दोन्ही पाय टेबलाखाली लांब सोडून, अगदी कॉम्प्युटरच्या डब्याला टेकवून.

पण तो नुसता बसायचा असं समजू नका. त्या खाणीत वळणावळणावर जनावरं दबा धरून बसलेली असत. हातातल्या दिव्याच्या उजेडात ती दिसेपर्यंत फार उशीर झालेला असे. त्याच्या आधीच दादा हात वर करी.

"थांब."

ठेंगू थांबे.

"पुढे दोन आहेत. तीनही असतील. दिवा विझव आणि भिंतीला चिकट."

आणि खरोखरच असत. दर वेळी नाही, पण दहातल्या नऊ वेळा तरी असत. ठेंगूने किती कान टवकारले तरी तिला पंख्याच्या घरघरीपलीकडे काही ऐकू येत नसे.

"तुला कसं कळतं रे?" ती विचारी.

"कान लागतात त्याला," दादा म्हणे. "तुझे कान नुसते झुमके टांगायला दिलेत."

एवढं बोलून तो चहाचा कप असा काही उचले की क्रेनवरचा जुना दादा परत आल्यासारखा वाटे. जनावरांची पावलं याला ऐकू येत असणार, असं ठेंगूने मनाशी ठरवून टाकलं. लॅबमध्ये तर तिने भावाच्या कानांचं एवढं गुणगान केलं की सगळ्यांचे कान किटले.

मग गेम मधूनच गोठायला लागला. ठेंगूने तो डबा उचलून दुकानात नेला. दुकानदाराने झाकण काढलं, स्क्रू एका बशीत टाकले आणि जुनी हार्ड डिस्क बोटाने ठोकून दाखवली.

"आत तबकड्या फिरतात आणि त्यांच्यावरून एक काटा धावतो. बाई म्हाताऱ्या झाल्यात. कधीही मान टाकतील."

त्याने काउंटरवर दोन नव्या वस्तू ठेवल्या. एक विटेसारखी जाड, दुसरी झिजलेल्या साबणाच्या वडीएवढी.

"ही हार्ड डिस्क. स्वस्त, भरपूर जागा, पण सावकाश. काम करताना थोडी कुरकुरते. आणि ही एसएसडी. महाग आहे, जागा कमी, पण आत हलणारं काहीच नाही. बटण दाबलं की गेम उघडलाच म्हणून समजा. आवाज तर शून्य."

"शून्य म्हणजे?"

"म्हणजे चालू आहे की बंद, तेसुद्धा कळणार नाही."

ठेंगूला वेगाचं काही पडलेलं नव्हतं. तिच्या डोळ्यांसमोर आला तो मान किंचित वाकडी करून बसलेला दादा. बिचारा त्या कुरकुरीतून पावलांचा आवाज वेचून काढत असतो, उगाच कानांना केवढा ताण, असं तिला वाटलं आणि गलबलून आलं.

"हीच द्या," ती म्हणाली. "आणि पंखेही बिनआवाजाचे बसवा. माझा भाऊ गेम कानांनी खेळतो."

दुकानदाराने सगळं नव्या एसएसडीवर उतरवून दिलं आणि जुनी डिस्क एका पिशवीत घालून परत केली. ठेंगू तरंगतच घरी आली.

रविवारी बटण दाबताच खाण उघडली. दादाने पाय लांब केले, डब्याला टेकवले आणि थोडा वेळ तसाच बसून राहिला.

"सुरू झाला?"

"झालासुद्धा. आहे का कसला आवाज?"

"नाही," दादा म्हणाला. "अजिबात नाही."

"मुद्दाम घेतली. तुझ्यासाठी."

"छान आहे," असं म्हणून दादा हसला.

त्या सकाळी ठेंगू पाच वेळा मेली. दादाचा हात एकदाही वर झाला नाही. पाचव्यांदा तर जनावर अंगावर आल्यावर ती स्वतःच किंचाळली, तेव्हा तो दचकला. पुढच्या रविवारी त्याला कपाट आवरायचं होतं. ज्या माणसाचा प्रत्येक सदरा दोन बोटं अंतर सोडून टांगलेला असतो, त्याला कपाटात काय आवरायचं असणार? त्याच्या पुढच्या रविवारी ऑफिसातून फोन येणार होता. तो आला नाही, पण दादा फोन हातात धरून सबंध सकाळ खिडकीशी बसून राहिला.

ठेंगूला वेगळीच शंका आली. डोळे गेले तसे आता कानही चालले की काय? ती लॅबमध्ये जबडे घासायची आणि मनात तेच घोळवायची. डोळ्यांच्या वेळीही त्याने वर्षभर कोणाला पत्ता लागू दिला नव्हता. आता ती वाट बघत बसणार नव्हती. बुधवारी संध्याकाळी तो बाहेरच्या खोलीत बसलेला असताना तिने स्वयंपाकघरातून अगदी हळू आवाजात त्याला हाक मारली. उत्तर नाही. मग तिने कापडावर एक चमचा टाकला. मग जमिनीवर, लहान चमचा.

"आता पातेलं पाडणार आहेस का?" दादा बाहेरून म्हणाला. "माझी परीक्षा घेतेयस हे कळतंय मला. पहिली हाकही ऐकली. म्हटलं, बघू कुठवर जातेस."

ठेंगूचा जीव भांड्यात पडला. पण ती तशीच पदराला हात पुसत बाहेर आली आणि त्याच्यासमोर बसली.

"कान ठीक आहेत ना? मग गेमचं काय झालं? माझ्याजवळ बसत का नाहीस?"

दादाने उलट तिलाच विचारलं.

"ती जुनी डिस्क टाकलीस का?"

तिने पिशवी आणून दिली. त्याने डिस्क बाहेर काढली, तळहातावर तोलली आणि अंगठ्याने तिच्या कडा चाचपल्या.

"त्या जनावरांना पावलंच नाहीत, ठेंगू. म्हणजे पावलांचा आवाज नाही. गेम बनवणाऱ्यांनी तो घातलेलाच नाही. पण पुढे काही आणायचं झालं की ही आधी ते शोधायला धावायची. दोन-तीन जनावरं असली तर बारीक, तुटक कुरकुर. दार उघडणार असलं तर लांबलचक. ऐकू यायचं, आणि पायांना तर त्याच्याही आधी कळायचं."

ठेंगूला त्याचे डब्याला टेकलेले पाय आठवले. इतकी वर्षं तिला वाटत होतं, आळसावून बसतो.

"मी शंभरदा विचारलं तुला, कसं कळतं म्हणून."

"तेच तर," दादा म्हणाला. "तू विचारायचीस ते मला आवडायचं. लॅबमध्ये जाऊन सांगायचीस, तेही आवडायचं. सगळीकडे लोक माझा हात धरून मला नेतात. तिथे मी तुला न्यायचो. आता त्यातली गंमत सांगून टाकली असती, तर मग माझ्याकडे काय राहिलं असतं?"

"आणि मी एवढी महागाची आणल्यावर तरी?"

"तू एवढ्या प्रेमाने शांतता विकत आणलीस. नको कशी म्हणू?"

यावर ठेंगू आधी हसली आणि मग रडली. दोन्ही त्याला ऐकू आलं, आणि त्याने डिस्क मांडीवर ठेवून तिच्या डोक्यावर थापटलं.

शनिवारी डबा घेऊन दोघं दुकानात गेली. ठेंगूने मागणी सांगितली तेव्हा दुकानदाराने चष्मा कपाळावर चढवला.

"ताई, लोक गेम एसएसडीवर ठेवतात आणि फोटो, कागदपत्रं हार्ड डिस्कवर. तुम्ही उलट करताय."

"उलटच करा. आणि डिस्क आवाज करणारी द्या."

दादाने त्याला सगळं समजावून सांगितलं. दुकानदार ऐकत राहिला, मग आत गेला आणि दुरुस्तीला आलेल्या मशीनमधल्या तीन जुन्या डिस्क घेऊन आला. नव्या फार सभ्य झाल्यात, म्हणाला. त्याने एकेक डिस्क जोडून खाणीचा गेम चालू केला आणि दादाने काउंटरवर कान टेकवला. दोन गिऱ्हाइकं उभी होती, तीही गप्प झाली.

"ही झोपलीय," दादा पहिलीला म्हणाला. दुसरीला म्हणाला, "ही सारखीच ओरडते, कामाचं सांगत नाही. आमच्या साहेबांची बहीण दिसते." तिसरीला तो काहीच बोलला नाही. थोड्या वेळाने त्याचा हात वर झाला, आणि पडद्यावर पाहणाऱ्या दुकानदाराच्या तोंडून नकळत "अरेच्चा" निघालं.

"किती दिवस चालेल?" ठेंगूने विचारलं.

"जुनी आहे, खात्री देता येत नाही. पण अशी दुसरी आली की तुमच्यासाठी बाजूला ठेवीन." त्याने खणाच्या कोपऱ्यात एक रिकामा खोका ठेवला आणि त्यावर पेनाने 'दादा' असं लिहिलं. काय लिहिलं ते ठेंगूने वाचून दाखवलं.

रविवारी चहा झाला. कॉम्प्युटर झटकन उघडला आणि खाण आपल्या जुन्या चालीने, रेंगाळत उघडली. दादाने पाय लांब केले. दोघं शेवटच्या बोगद्यात शिरली. इतकी वर्षं कान कुठे द्यायचा हेच ठेंगूला माहीत नव्हतं. आता माहीत होतं. तिसऱ्या वळणापाशी टेबलाखालून बारीक, तुटक कुरकुर आली आणि ती तिला स्वच्छ ऐकू आली. तिचं बोट थांबायच्या बटणावर गेलंच होतं. तिने ते उचललं आणि आणखी दोन पावलं पुढे टाकली.

"थांब," दादा म्हणाला.

ती थांबली. तिने दिवा विझवला आणि भिंतीला चिकटली.

"तुला कसं कळतं रे?"

दादाने चहाचा कप उचलला.

"कान लागतात त्याला," तो म्हणाला.